पानतोड्या मुंग्या आणि त्यांची बुरशी : गणिती प्रारूपाची तिसरी फेरी

पानतोड्या मुंग्या बुरशी पिकवतात आणि तीच खातात. मागच्या फेरीत या परस्परलाभाचे पद, म्हणजे समीकरणातला त्याचा हिस्सा, साध्या गुणाकाराचे ठेवले होते आणि व्हायचे तेच झाले. त्या पदाचा सहगुणक, म्हणजे त्याला गुणणारा आकडा, जरा वाढवताच मुंग्या आणि बुरशी एकमेकींना वाढवत अनंताकडे निघाल्या. या वेळी आधी वारुळाकडे नीट पाहिले. अट्टा या पानतोड्या मुंग्यांच्या प्रजातीत पाने कापून आणणाऱ्या वेगळ्या, त्यांचा लगदा करून बुरशीची निगा राखणाऱ्या वेगळ्या, आणि यांतले एक काम थांबले की दुसरे वाया जाते. म्हणून बुरशीच्या वाढीत मुंग्यांच्या संख्येचा वर्ग घेतला आणि त्या वाढीला वरून मर्यादाही घातली.

मुंग्यांसाठी 'म' आणि बुरशीसाठी 'ब' ही अक्षरे घेतली, तर 'म'च्या बदलाचा दर म(ब − म) आणि 'ब'च्या बदलाचा दर ब[२.५म²/(१ + म²) − ब] असा येतो. समतोलात दोन्ही सारख्या, म्हणजे म² − २.५म + १ = ०; उत्तरे ०.५ आणि २. यांपैकी २ स्थिर आहे. दोन्ही संख्या ०.६ पासून सोडल्या की त्या २ वर पोहोचतात, ०.४ पासून सोडल्या की शून्यावर; म्हणजे ०.५ हा उंबरठा.

इथेच मला प्रारूप खोटे वाटू लागले, कारण प्रत्यक्षात राणी तोंडातल्या खळग्यात बुरशीचा इवलासा गोळा घेऊन एकटीच बीळ खणते, म्हणजे उंबरठ्याच्या कितीतरी खालून सुरुवात करते. तिला तारते ती अंगातली चरबी आणि गळालेल्या पंखांचे स्नायू. त्यांवर जगत ती स्वतःच्या विष्ठेचे खत घालून तो गोळा वाढवते. हा साठा माझ्या समीकरणांत कुठेच नाही.

एस्कोव्होप्सिस या परजीवी बुरशीसाठी 'ब'च्या कंसातून एक स्थिरांक वजा करून पाहिला. तो ०.२७ असताना २ पासून निघालेली वसाहत खाली येऊन टिकते, ०.२८ असताना मरते. मात्र ती लगेच मरत नाही. दोन्ही संख्या १.२ च्या आसपास इतका वेळ रेंगाळतात की पहिल्यांदा आलेख लवकर थांबवून मी तिला स्थिर ठरवून मोकळा झालो होतो. आता पल्ला ५०० कालएककांचा ठेवला आहे, आणि पुढच्या फेरीत राणीचा साठा काळानुसार घटणारे पद म्हणून 'म'च्या समीकरणात येईल.