गाठ जुनी, रक्त ताजे

त्या बाई सोनोग्राफीला आल्या तेव्हा त्यांच्या चिठ्ठीवर ‘यकृतात गाठ, कर्करोगाची शंका’ एवढाच मजकूर होता. वय साठीच्या पुढे. आदल्या रात्री उजव्या बरगडीखाली एकाएकी असह्य कळ आली, ती उजव्या खांद्यापर्यंत चढली आणि पहाटे खोल श्वास घेणेही कठीण झाले. ताप नव्हता, कावीळ नव्हती; नाडी अनियमित असली तरी रक्तदाब स्थिर होता.

यकृताच्या उजव्या भागात सुमारे १२ सेंटिमीटरची सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, होती. साध्या सिस्टमधला द्रव पडद्यावर निखळ काळा दिसतो. इथे मात्र तळाशी करडा गाळ साचला होता, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते आणि भिंतीला चिकटल्यासारखा एक जाडसर गोळा होता. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम या, पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठीतही जाड पडदे आणि भिंतीवर उंचवटे दिसतात, त्यामुळे चिठ्ठीवरची शंका निराधार नव्हती. मी बाईंना सावकाश डाव्या कुशीवर वळायला सांगितले आणि प्रोब न हलवता पाहत राहिले. धागे डोलले आणि गोळा हळूहळू घसरत खालच्या बाजूला गेला. भिंतीतून वाढलेली गाठ कुशीबरोबर जागा सोडत नाही. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीतही त्या गोळ्यात प्रवाह दिसला नाही. ती रक्ताची गुठळी होती.

मुलीने पिशवीतून जुना अहवाल काढला. त्यात हीच सिस्ट ९ सेंटिमीटरची आणि आतून स्वच्छ होती. पोटाला मार लागला होता का, पडणे झाले होते का, या प्रश्नांना बाईंनी ठाम नकार दिला. औषधांविषयी विचारल्यावर हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी काही महिन्यांपासून रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असल्याचे कळले. आणखी काही घेता का, असे पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी पर्समधून अर्धी रिकामी झालेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी काढली. गुडघे दुखतात म्हणून त्या गोळ्या त्या स्वतःच्या मनाने घेत होत्या आणि त्यांना औषध म्हणून मोजतही नव्हत्या. या गटातील बहुतेक गोळ्या रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेटचे काम मंदावतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

माझ्या मते या प्रसंगात सगळा दोष रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर टाकणे अपुरे आहे. साध्या सिस्टच्या आतील बाजूस पित्तनलिकेतल्यासारख्या पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशी द्रव स्रवत राहतात. सिस्टचा पित्तनलिकांशी संबंध नसल्याने तो द्रव बाहेर पडत नाही; वर्षानुवर्षे आकार वाढतो, आतला दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली अस्तराच्या पेशी मरून सुटू लागल्या की त्यांच्याखालच्या नाजूक रक्तवाहिन्या उघड्या पडतात, असे मानले जाते. म्हणून मोठी किंवा झपाट्याने वाढणारी सिस्ट अधिक धोक्याची. पोटाला बसलेला मार किंवा सिस्टमध्ये घातलेली सुई हेही निमित्त ठरू शकते, आणि कित्येकदा निमित्त सापडतच नाही. रक्त गोठण्यात अडथळा असला की एरवी आपोआप थांबला असता तो पाझर वाहत राहतो. या बाईंच्या बाबतीत मोठी सिस्ट आणि दोन औषधे एकत्र आली होती.

रक्तदाब टिकून होता, कारण रक्त बंद पोकळीत साचत होते आणि पोकळीतला वाढता दाबच रक्तस्राव आवरत होता. सिस्ट फुटून रक्त पोटात उतरले असते तर जिवावर बेतले असते. एमआरआयमध्ये टी-१ प्रकारच्या प्रतिमेत आतला द्रव पांढरा उजळला, जे रक्ताशी जुळणारे होते, आणि गोळ्याने शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य मुळीच घेतले नाही, म्हणजे त्यात रक्तपुरवठा नव्हता. सीए १९-९ हा काही कर्करोगांत वाढणारा रक्तातला घटक थोडा वाढलेला निघाला, तेव्हा शंका पुन्हा डोके वर काढू लागली. परंतु हा घटक सिस्टचे साधे अस्तरही स्रवते, त्यामुळे त्यावरून कर्करोग ठरवता येत नाही.

सुई घालून द्रव तपासावा, अशी सूचना चर्चेत आली. मी आग्रहाने विरोध केला. रक्तस्राव चालू असताना द्रव काढणे म्हणजे त्याला आवरणारा दाबच काढून घेणे, आणि हायडॅटिड सिस्टची, म्हणजे फीतकृमीच्या संसर्गाने होणाऱ्या सिस्टची, रक्तचाचणी तोवर आलेली नव्हती. तशा सिस्टमध्ये निष्काळजीपणे सुई गेली तर जीवघेणी अॅलर्जी उद्भवू शकते. शल्यचिकित्सकांनी ते मान्य केले.

अवघड प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांपुढे होता, कारण गोळी बंद ठेवावी तर पक्षाघाताची भीती. युरोपीय यकृत-अभ्यास संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ती ७ ते १५ दिवसांनी पुन्हा सुरू करता येईल, असे म्हटले आहे. हिमोग्लोबिन स्थिर राहिले, वेदना ओसरली, आणि दुसऱ्या आठवड्यात गोळी पुन्हा सुरू झाली. गुडघ्यांसाठी दुसरे औषध दिले गेले.

पुढच्या तपासणीत गुठळी विरघळत चालली होती. धागे अजून होते, सिस्ट थोडी लहान झाली होती आणि हायडॅटिडची चाचणी नकारात्मक आली होती. पुन्हा त्रास झाल्यास दुर्बिणीतून सिस्टचे छत कापून टाकण्याची शस्त्रक्रिया करायची, तोवर ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहायची, असे ठरले. अहवालात मी सिस्टच्या मापाखाली दोन्ही गोळ्यांची नावे लिहिली.