मामांची बॅटरी आणि रामटेकचा चढ

डिसेंबरातली पहाट. मी नागपुरात झिरो माइलला पोचलो तेव्हा मामा आधीच येऊन थांबले होते. डोक्याला कानटोपी, मागच्या कॅरिअरवर टॉवेलात गुंडाळलेला चार्जर. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून रामटेक त्यांच्यासाठी बसनेच जायचं गाव झालं होतं. त्या दिवशी ते इलेक्ट्रिक सायकल घेऊन निघाले होते.

ही सायकल टूरिंगमध्ये, म्हणजे सायकलवरच्या लांबच्या भटकंतीत, धरायची का, हा प्रश्न माझ्याही मनात होता. ओळखीतल्या एका सायकलस्वारानं तर ‘ही मोपेडच’ म्हणून निकाल दिला होता. कायद्याचं म्हणाल तर २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल, तर नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. पण माझा प्रश्न आरटीओचा नव्हता.

कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खाल्ले, कामठी ओलांडली, कन्हानच्या पुलावर धुक्यात दोन मिनिटं थांबलो. सपाट रस्त्यावर गंमत कळली. मी जोर लावून पंचविशीच्या वर गेलो की मामा मागे पडत. त्या वेगाला मोटर हात काढून घेते आणि मग बावीस किलोची सायकल एकट्या पायांनी ओढावी लागते. थांबून पुन्हा निघताना अर्धं पायडल फिरेपर्यंत काहीच होत नसे, मग मागच्या चाकातून हळूच ‘घूंऽ’ असा आवाज येई. पायडल थांबलं की मोटरही थांबे. म्हणजे बसून राहायची सोय नाहीच. मनसरला पोचेपर्यंत मामांची कानटोपी घामानं भिजली होती.

गडमंदिराच्या चढावर मात्र पारडं फिरलं. मी सगळ्यात हलका गिअर लावून धापा टाकत होतो आणि मामा बाजूनं निघून गेले. वळणावरच्या कठड्यावर वानरं बसली होती, तिथं सायकल टेकवून मामांनी हाक मारली, “काहून थांबला बे? चाल ना!” दोन वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

पण डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या पाच कांड्यांपैकी चार संपल्या होत्या. खाली गावात जेवायला बसलो तेव्हा मालकाला विचारून फ्रिजशेजारच्या प्लगला चार्जर लावला. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी आणि २ अँपिअरचा चार्जर, म्हणजे पूर्ण भरायला पाच तास. आम्ही दीड तास बसलो. तेवढ्यात फार तर तीस टक्के भरली. जवळच्या खिंडसी तलावावर जायचं ठरलं होतं, ते मामांनी स्वतःच रद्द केलं. मला खरी अडचण इथं वाटते. मुक्काम कुठं करायचा, किती वेळ बसायचं, हे प्लग ठरवायला लागतो. लांबच्या टूरला विमानानं जायचं तर ही बॅटरी प्रवासी विमानात नेताच येत नाही. माझ्यासारख्यानं, ज्याचे गुडघे धड आहेत, हे ओझं कशाला घ्यावं?

ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या सायकल राइडचं, वेगळं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, स्वतःच्या पायांवर, असा तिथला नियम आहे. तिथं मोटर नकोच, आणि मामांनाही ती तिथं नको आहे. टूरला मात्र घड्याळ लावलेलं नसतं. तिथं सोबत कोण आलं, याला मी जास्त किंमत देतो, आणि म्हणून मामांची सायकल मी टूरिंगमध्ये धरतो.

परतताना कन्हानच्या अलीकडे शेवटची कांडी विझली. मी म्हटलं, “मामा, टेम्पो बघू का?” त्यांनी डिस्प्ले बंद केला, सीटची उंची बोटभर वाढवली आणि म्हणाले, “तू पुढं राहा, वारा अडव.” कामठीपर्यंत आम्ही ताशी बाराच्या वेगानं गेलो, मी पुढं आणि ते माझ्या मागच्या चाकाला चिकटून.