आमची वाटचाल : हळदीकुंकवाच्या पन्ह्यापासून सरबताच्या कारखान्यापर्यंत

कारखाना म्हणजे काय हो, साताऱ्यात घरामागची पत्र्याची शेड, पण बोर्डावर लिहायला बरं वाटतं. सुरुवात झाली चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापासून. आंब्याची डाळ आणि पन्हं आमच्याकडं दरवर्षी असतंच, बायका पन्हं प्यायच्या, रेसिपी विचारायच्या आणि शेवटी म्हणायच्या जाऊदे बाई, तूच दे करून, पैसे घे. घेतले!

आमच्या ह्यांची टुरिस्ट गाडी होती, सीट रिकामी असली की मी पण जायची. देवदर्शन, पॉइंट सगळं ठीक, पण माझं लक्ष कुठं काय प्यायला देतात तिकडं. केरळात हॉटेलात गुलाबी गरम पाणी आलं, मला वाटलं रंग टाकलाय, तर ते पतिमुगमच्या लाकडाचं निघालं. मदुराईला जिगरठंडा म्हणजे दुधाचं थंडगार पेय, उत्तराखंडात बुरांशच्या लालभडक फुलांचं सरबत. गोव्यात मार्च-एप्रिलात काजूच्या बोंडांची उर्राक म्हणजे हलकी दारू, त्यात लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची, तीच पुन्हा भट्टीला लावून फेणी करतात. ते आपण विकणार नाही, लायसनचा विषय वेगळा (आमचे हे अजून हळहळतात). पण एक डोक्यात बसलं, प्रत्येक गावाला पाहुण्यापुढं ठेवायला स्वतःचं काहीतरी आहे आणि आपण मात्र दुकानातली कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली फोडतो.

मग कोकम घेतलं. उंब्रजवरनं पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, एप्रिल-मेमधे तिकडनं ताजी लालबुंद फळं आणायची. फळ अर्धं कापायचं, बिया काढायच्या, फळाच्या त्या वाटीत साखर भरायची आणि बरणीत थर लावून उन्हात ठेवायचं, बास. साखर विरघळत जाते तसा रस सुटतो, पाण्याचा थेंब नाही, गॅस नाही, आणि रंग असा की बोटांवरनं दोन दिवस जात नाही. बरणी काचेचीच, ॲल्युमिनियमला आंबट चालत नाही. नंतर साखरेचं प्रमाण मोजायचा ब्रिक्स मीटर घेतला, त्यावर गोडी ६५ च्या वर गेली की सरबत टिकतं, तोपर्यंत सगळा अंदाज सासूबाईंच्या जिभेवर होता आणि खरं सांगू, त्या फारशा चुकायच्या नाहीत.

फूड लायसन, लेबल वगैरे झालं ते झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उधारीचं मात्र सांगते, एका दुकानदारानं दोन सीझन माल विकून पैसे दिले नाहीत, तेव्हापासून दुकानं बंद, थेट घरी विक्री. ते बरंच झालं. पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्याच जिल्ह्यातली, २०१० ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, तिचं क्रश मुलांच्या वाढदिवसाला जातं, केळवणाला कोकम, कोजागरीला मसाला दुधाचा मसाला.

काचेची बाटली आम्ही कुरिअर करत नाही, फुटते. कासला फुलं बघायला येणारे पुणेकर येताना घरी थांबतात, आधी ग्लासभर प्यायला देते, एकाला चार पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेलं जिरं, बर्फ नको, चव मरते. प्यायल्यावर न घेता गेलेलं गिऱ्हाईक मला तरी आठवत नाही, घासाघीस करून घेतात ते वेगळं.