थिबा राजाचे माहितीफलक लिहिताना

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात आलेला माणूस आधी एकच विचारतो, "ब्रह्मदेशाचा राजा इथं कसा?" थिबावरच्या छोट्या प्रदर्शनाचे फलक लिहिताना मी पहिलं वाक्य या प्रश्नालाच दिलं. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा इथं रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद, म्हणजे राजाला निसटणं अवघड.

एका फलकाला ६०-७० शब्द पुरतात. १२० शब्दांचा मसुदा भिंतीवर लावून पाहिला, तर लोक अर्ध्यातून पुढं सरकत होते. छाटताना एक हिशेब मात्र मी हट्टानं ठेवला. राजवाडा बांधून झाला १९१०मध्ये, राजा वारला डिसेंबर १९१६मध्ये. म्हणजे रत्नागिरीतल्या ३० वर्षांपैकी या वाड्यात जेमतेम ६, त्याआधीची २४ दुसऱ्या बंगल्यांत. वाड्याचा थाट पाहून राजा कायम ऐश्वर्यात राहिला असं वाटतं, ते खरं नाही. म्हणून हे आकडे सगळ्यांत ठळक.

खरा त्रास छपाईत. मजकूर युनिकोडमध्ये होता. डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर 'पायऱ्या'तला ऱ्य तुटून 'पायर् या' झाला. पडद्यावर हे नजरेतून सुटतं. त्यामुळे मजकूर बरोबर दिसत असतानाच अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकारांत रूपांतर करून) फाइल द्यावी आणि मूळ आकारातलाच प्रूफ काढून मोठ्यानं वाचावा. राणीचं नाव मी एका फलकावर 'सुपयालत', दुसऱ्यावर 'सुपायालत' लिहिलं होतं, ते असंच सापडलं.

मीटरभर अंतरावरून वाचायला २४ पॉइंटची अक्षरं हवीत. ओळींत जागा सढळ सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. फलकाचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर ठेवला. लॅमिनेशन मॅटच घ्यावं. चकचकीत घेतलं की खिडकीचा उजेड नेमका मजकुरावर पडतो.

कोकणात सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, टिकत नाही. दमट हवेत त्यावर चिकटवलेलं छापील व्हिनाइल कडेनं सुटतं, कोपरे वर येतात. एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक) महाग, पण तीच घ्या. जुन्या वास्तूच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, डबल टेप ओलीवर धरत नाही. म्हणून लाकडी स्टँड.

शेवटच्या फलकावर समाधीकडं जायची वाट दिली. ती शहरातच, शिवाजीनगर भागात आहे, आणि राजवाडा पाहून परतणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.