न्येरीच्या कॉफी फॅक्टरीत जायचे तर दुपारनंतर

केनियात कॉफीची ‘फॅक्टरी’ म्हणजे धुराड्याचा कारखाना नव्हे, हे न्येरीला पोहोचेपर्यंत आमच्या नीट लक्षात आले नव्हते. लहान शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचे, ओढ्याकाठच्या उतारावर बांधलेले कॉफी धुण्याचे केंद्र, त्याला तिथे फॅक्टरी म्हणतात. आपल्याकडचा ऊस उत्पादक ज्या सुरात ‘आमचा कारखाना’ म्हणतो, त्याच सुरात तिथला शेतकरी तिचे नाव घेतो, आणि तिच्याविषयीची गाऱ्हाणीही साधारण तशीच असतात.

नैरोबीहून थिका आणि कराटिनामार्गे न्येरी सुमारे १५० किलोमीटर आहे. एका बाजूला माउंट केनिया, दुसऱ्या बाजूला आबर्डेअर पर्वतरांग आणि मध्ये १,६०० ते १,९०० मीटर उंचीवर तांबड्या ज्वालामुखीय मातीत कॉफीचे छोटे छोटे तुकडे. मुख्य हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, म्हणून आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो होतो. मात्र सकाळी नऊला पोहोचण्याचा उत्साह अंगाशी आला. आदल्या दिवशीच्या मालाचे धुणे उरकलेले होते आणि नवी फळे यायला चार तास अवकाश होता.

खरी वर्दळ दुपारनंतर सुरू झाली. डोक्यावरून, सायकलवरून, गाढवगाडीतून पोती येऊ लागली आणि प्रत्येक जण आपला ढीग गोणपाटावर पसरून हिरवी, अर्धवट पिकलेली आणि किडलेली फळे वेगळी काढू लागला. एका आजीबाईंचा ढीग आम्हाला तरी लालभडक दिसत होता, पण कारकुनाने त्यात हात घालून आठ-दहा पिवळसर फळे उचलली आणि काही न बोलता त्यांच्यासमोर ठेवली. त्याही वाद न घालता पुन्हा निवडायला बसल्या. वजन आणि पावती त्यानंतरच. कपातल्या स्वच्छ चवीचा उगम शोधत आलेल्यांनी यंत्रापेक्षा या गोणपाटापाशी जास्त वेळ उभे राहावे, असे माझे मत आहे.

संध्याकाळी यंत्रात फळांची साल निघते आणि बुळबुळीत बिया पाण्याबरोबर वाहत जाताना जड व हलक्या अशा वेगळ्या होतात. रात्रभर हौदात आंबल्यावर त्यांच्यावरचा गर सुटतो. पहाटे माणसे लाकडी फळ्यांनी त्या बिया सिमेंटच्या पाटांतून प्रवाहाच्या उलट लोटत धुतात, पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजवतात आणि मग जाळीच्या उंच मांडवांवर दोन आठवड्यांच्या आसपास वाळवतात. ऊन कडक झाले की त्या झाकतात, रात्रीही झाकतात. हे सगळे पाहायचे असेल तर न्येरीत मुक्काम करून एक दुपार आणि दुसऱ्या दिवसाची पहाट राखून ठेवावी.

इथली नावाजलेली जात एसएल २८. स्कॉट लॅबोरेटरीज या शेती संशोधन संस्थेने १९३० च्या दशकात ती निवडली. तिच्या आंबटगोडपणाला इंग्रजी चाखणारे ब्लॅककरंट या काळ्या, आंबटगोड फळाची उपमा देतात. मला पिकलेले करवंद आठवले. रोगाला ती लवकर बळी पडते, म्हणून शेजारी रुइरू ११ आणि बाटियन याही जाती दिसतात. वसाहतकाळात आफ्रिकी शेतकऱ्यांच्या कॉफी लागवडीवर दीर्घकाळ निर्बंध होते आणि १९५० च्या दशकात ते सैल झाल्यावरच ही झाडे इथल्या घरांभोवती मोठ्या प्रमाणावर आली. पण घरात पितात तो चहाच. फॅक्टरीतही आमच्या हाती दुधाळ चहाचाच कप आला, तेव्हा चाखण्याची सोय नैरोबीतच करावी. माल विकला जाऊन पैसे हाती पडायला महिने लागतात, ही तक्रार मात्र चहाबरोबर हमखास ऐकायला मिळते.

पूर्वपरवानगी सोसायटीच्या कार्यालयातून घ्यावी. थेट फाटकाशी जाऊन उभे राहू नये. भारतीयांना निघण्यापूर्वी ऑनलाइन ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, काढावा लागतो. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे, त्यामुळे चिवडा-लाडू डब्यांत भरून न्यावेत. त्या महिन्यांत पाऊस असतो आणि तांबडा चिखल असा चिकटतो की आमची टॅक्सी शेवटच्या चढावर रुतली व उरलेली वाट चालावी लागली. जाड तळाचे बूट आणि पहाटेसाठी स्वेटर हवाच. कच्च्या बिया पिशवीत टाकून आणण्याचा मोह टाळावा, त्यांना वनस्पती-विलगीकरणाचे नियम लागू होतात. भाजलेली कॉफी नैरोबीतून घ्यावी आणि घेताना पाकिटावर फॅक्टरीचे नाव पाहावे. ‘एए’ ही अक्षरे केवळ दाण्याचा आकार सांगतात.