बाबांना दाखवलेली टोरंटोची कॉर्पोरेशन

आई-बाबा बडोद्याहून पहिल्यांदा टोरंटोला आले तेव्हा मी सीएन टॉवर, नायगारा अशी यादीच करून ठेवली होती, पण दुसऱ्याच दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "ते सगळं बघू रे सावकाश, आधी तुमची इथली कॉर्पोरेशन दाखव." दांडिया बाजारात जन्म काढलेल्या माणसाला कॉर्पोरेशन म्हणजे खंडेराव मार्केट. जे बडोद्याचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेली, खंडेराव महाराजांचं नाव दिलेली, बाहेरून अगदी राजवाड्यासारखी इमारत आहे ती, तिथेच महापालिकेचं मुख्य ऑफिस आणि तिथेच भाजीचा आणि फुलांचा बाजार. लहानपणी बाबांबरोबर वेरो, म्हणजे महापालिकेचा कर, भरायला गेलो की येताना पिशवीत मेथीची जुडी आणि आईसाठी गजरा हे ठरलेलंच असायचं.

तर क्वीन स्टेशनला उतरून चालत निघालो. वाटेत आधी जुना सिटी हॉल लागतो, 1899 चा, लालसर दगडाचा, उंच घड्याळाचा. आर्किटेक्ट ई. जे. लेनॉक्स, त्याने छपराखाली दगडात चक्क स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, मान वर करून बघावं लागतं. बाबांना हे फार आवडलं, ते तिथेच पाच मिनिटं उभे. 1960 च्या दशकात शॉपिंग सेंटरसाठी ही इमारत पाडायचं घाटत होतं, लोकांनी आवाज उठवला म्हणून वाचली.

आणि मग चौक ओलांडला की समोर नवा सिटी हॉल. दोन वाकलेले टॉवर, एक 27 मजली, दुसरा 20 मजली, समोरासमोर, आणि मधे बशीसारखी गोल सभागृहाची इमारत. मी खूप वेळा बघितलंय पण आई जे म्हणाली ते मला कधी सुचलं नव्हतं, "अरे हे तर तुळशीपुढचा दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून आपण दोन हात आडवे धरतो ना, तसं दिसतंय." मधला दिवा म्हणजे जिथे नगरसेवक बसतात ते सभागृह, आणि हात म्हणजे ऑफिसं. ते गोल सभागृह आतल्या एकाच जाड खांबावर तोललेलंय, अळंबीसारखं!

ह्याची गोष्ट मी बाबांना बाकावर बसून सांगितली. 1955 मध्ये आधी एक साधं चौकोनी डिझाइन तयार झालं होतं, मतदारांनी ते नाकारलं, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी तर त्याला कुरूप म्हणून टाकलं. मग मेयर नेथन फिलिप्स ह्यांच्या काळात जगभरातून डिझाइन मागवली, 42 देशांतून 500 हून जास्त आली. सांगतात की परीक्षकांपैकी ईरो सारिनेन उशिरा पोचला आणि बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यातून त्याने हे डिझाइन परत काढायला लावलं. 1958 ला फिनलंडचा विल्यो रेवेल जिंकला. पण इमारत उघडली 13 सप्टेंबर 1965 ला आणि रेवेल त्याच्या दहा महिने आधीच गेला, वय फक्त 54. हे ऐकून बाबा लगेच म्हणाले, "आपल्या लक्ष्मी विलासचं पण तसंच झालं." खरंच की, त्याचा आर्किटेक्ट चार्ल्स मँट 1881 ला गेला, पुढचं काम चिझम ह्या दुसऱ्या आर्किटेक्टने केलं आणि राजवाडा पुरा झाला 1890 ला.

मग आम्ही मागच्या बाजूला गेलो. तिकडून मला ही इमारत आवडत नाही, बाहेरच्या अंगाला टॉवरला खिडक्याच नाहीत, नुसती उभ्या रेघांची काँक्रीटची भिंत, सगळा उजेड आतल्या बाजूने. कोणी पाठ करून उभं असावं तसं वाटतं. आणि तिथेच मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली जी चौकात सांगायची राहून गेली होती, की ह्या जागी एलिझाबेथ स्ट्रीटवरचं टोरंटोचं पहिलं चायनाटाऊन होतं, दुकानं, खाणावळी, राहती घरं, त्यातलं बरंचसं ह्या सिटी हॉलसाठी आणि चौकासाठी पाडलं, लोक पश्चिमेला स्पडायना रस्त्याकडे सरकले. राहिलेलं वाचवायला पुढे जीन लम ह्या बाई कमिटी करून लढल्या. बाबा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इथे बाजार उठवून कॉर्पोरेशन बसवली."

त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण मला ही इमारत मनापासून आवडते आणि तरी बाबांचं खरं आहे.

आत गेल्यावर मात्र ते खुश झाले. दारात कोणी काम काय विचारलं नाही. भिंतीवर एक लाखाच्या वर खिळे ठोकून केलेलं डेव्हिड पार्ट्रिजचं मोठं चित्र आहे, त्याला लोक हात लावतात, आईनेही लावला. तिथेच लग्नाचा हॉल आहे, पांढऱ्या कपड्यातली एक नवरी फोटो काढून घेत होती. सभागृहात लोकांना बसायला जागा आहे, आणि कमिटीच्या मीटिंगला तर साधा माणूस नाव नोंदवून आपलं म्हणणं मांडू शकतो, हे बाबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. बाहेर येऊन पाण्याच्या तलावाकाठी बसलो, हिवाळ्यात तोच गोठवून स्केटिंगला देतात. मुलं कडेला पाय सोडून बसलेली, शेजारी शिल्पकार हेन्री मूरने केलेलं ब्राँझचं शिल्प, 1966 पासूनचं, ज्याला कौन्सिलने सरकारी पैसा नाकारला म्हणून मेयर गिव्हन्सनी देणग्या गोळा करून आणलं.

परवा बाबांचा बडोद्याहून व्हिडिओ कॉल आला, खंडेराव मार्केटसमोर उभे, फोन वर धरून मला झरोके दाखवत होते, एकेक करून, सावकाश, आणि मागे भाजीवाल्यांचा नुसता कल्ला. शेवटी आईने फोन घेतला आणि माझ्याशी बोलता बोलताच बाजूच्या बाईला शेवंतीचा भाव विचारायला लागली.