बंद रुग्णालयातील एक सकाळ

ठाणे-बेलापूर रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका बंद रुग्णालयाची छायाचित्रे काढण्यासाठी आज सकाळी मालकांची लेखी परवानगी घेऊन, रखवालदारकाकांच्या सोबतीने आत गेलो. तिथली मोडतोड रागाच्या भरात झाली असावी अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती बरीचशी हिशेबी निघाली. खाटांच्या उशाशी ऑक्सिजन पोहोचवणाऱ्या नळ्या तांब्याच्या असतात, म्हणून त्या भिंतीतून ओरबाडून नेलेल्या होत्या. क्ष-किरण कक्षाच्या दारातले शिशाचे पत्रे गायब होते, आणि फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो हे ठाऊक असलेल्या कोणीतरी फिल्म तेवढ्या काढून घेऊन रिकामी पाकिटे जमिनीवर टाकली होती. काचा मात्र निव्वळ हौसेने फोडलेल्या दिसल्या.

वीज नसल्यामुळे तिपाई लावून, कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता कमी (आयएसओ १००) आणि भिंगाचे छिद्र लहानसे (एफ/८) ठेवून, आठ-आठ सेकंदांचे एक्स्पोजर द्यावे लागले, म्हणजे तेवढा वेळ प्रकाश आत घ्यावा लागला. फ्लॅश जाणूनबुजून वापरला नाही, कारण समोरून पडणाऱ्या त्या प्रकाशात ओलीने सुटलेले भिंतीचे पोपडे सपाट दिसतात. फिल्मच्या रिकाम्या पाकिटांवर रुग्णांची नावे होती. ती चौकटीत येऊ दिली नाहीत.

प्रसूती कक्षाच्या भिंतीवर रंगवलेला ससा अजून शाबूत आहे. “माझी धाकटी इथंच झाली,” असे म्हणत काकांनी आपला मोबाइल पुढे केला. माझा कॅमेरा बाजूला ठेवून आधी त्यांचा फोटो काढला, सशाशेजारी उभे असलेला.